उधारीच्या वहीतला संप



मनीऑर्डर म्हणजे काय, हे आता आपल्या पोरींना समजावून सांगावं लागतं. पण आपल्या सासवांना, आज्यांना विचारा. महिन्याच्या मधल्या आठवड्यात पोस्टमन कुठल्या वाटेनं यायचा, हेसुद्धा त्या सांगतील. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि खाली कोकणात रत्नागिरी या भागात वाडी-वस्तीवरचं असं घर विरळाच, ज्यातलं कुणी ना कुणी मुंबईला गिरणीत नव्हतं. पैसे यायचे, फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी यायच्या आणि त्या वाचून घ्यायला शाळेतलं पोर शोधावं लागायचं. त्या पैशावर बियाणं यायचं, सोसायटीचा हप्ता जायचा, नणंदेचं लग्न व्हायचं.

गावात राहिलेल्या बाईनं शेत कसं ओढलं, यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललोय. आज मी दुसरीबद्दल बोलणार आहे. तिकडं मुंबईत त्या माणसाला जेवायला कोण घालत होतं? कारण बायको तर इकडं होती, आणि त्या काळचा गडी काही स्वतःची भाकरी स्वतः थापणारा नव्हता.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढायला घेतली आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. परळ, लालबाग, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी हा सगळा भाग भोंग्यावर उठायचा आणि भोंग्यावर झोपायचा. त्यालाच लोक गिरणगाव म्हणायला लागले. गिरण्यांत माणसं पाहिजे होती, त्यांची कुटुंबं मालकाला नको होती. त्यामुळे चाळीतल्या दहा बाय बाराच्या एकेका खोलीत एका गावचे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त गडी राहायचे. त्याला गाळा म्हणायचे. भिंतीला खिळे, खिळ्याला पिशव्या, माळ्यावर ट्रंका. दिवसपाळीचा उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. सगळे एकदम घरात असते तर पाय ठेवायला जागा उरली नसती. तीन पाळ्या होत्या म्हणून एवढी माणसं मावली.

अशा गाळ्यात चूल कुठं मांडणार? मग शेजारच्या चाळीतली एखादी बाई त्यांना महिन्यानं जेवण घालायची. ही खानावळ. डोळ्यांसमोर हॉटेल आणू नका. पाटी नाही, टेबल नाही. तिच्याच राहत्या खोलीत, जिथं तिचा नवरा आणि पोरं झोपायची, तिथंच स्टोव्ह किंवा शेगडी, आणि पाट टाकून एका वेळी पाच-सहा जणांची पंगत. कोकणातली बाई असेल तर भात आणि माशाचं कालवण, आपल्याकडची असेल तर भाकरी-कोरड्यास, आणि आठवड्यातून एकदा मटण. काहींना गिरणीच्या दारावर डबा पोचवायचा. जेवणारे तिला मावशी म्हणायचे, वहिनी म्हणायचे. बहुतेक वेळा ते तिच्याच गावचे किंवा शेजारच्या गावचे असत.

तिचा दिवस बघा. चाळीतल्या नळाला पाणी पहाटे यायचं, म्हणून चारच्या आत उठणं. पहिल्या पाळीचे जेवण घेऊन गेले की भांडी, बाजार, दळण. दुपारी एक पाळी सुटून दुसरी भरली की पुन्हा पंगत. रात्री उशिरा सुटणाऱ्यांसाठी झाकून ठेवणं. वीस माणसांच्या भाकऱ्या म्हणजे किती पीठ, हे मी तुम्हाला सांगायला नको. लग्नाच्या घरात दोन दिवस केलं तरी आपले हात भरून येतात. तिचं लग्नघर बारा महिने उठत नव्हतं.

या बायका कोण होत्या? बऱ्याचशा गिरणी कामगारांच्याच बायका होत्या. कुणाचा नवरा बदली कामगार, म्हणजे रोज दारावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाही तर परत. कुणाच्या नवऱ्याच्या छातीत कापसाची भुकटी बसलेली, टीबी झालेला. कुणी विधवा, कुणी टाकलेली. आणि काही जणी आधी स्वतः गिरणीत कामाला होत्या. हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. १९२०च्या आसपासच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असायची. सूत गुंडाळायच्या खात्यांत तर त्याच जास्त. पुढं नवी यंत्रं आली. १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात झाला. कायदा चांगलाच होता, पण मालकांनी हिशोब मांडला की बाई ठेवली की भत्ता द्यावा लागतो आणि रातपाळीलाही लावता येत नाही. हळूहळू बायकांची भरती थांबली आणि होत्या त्या कमी झाल्या. दार बंद झालेल्या या बायकांना एक काम येतच होतं, ते त्यांनी खोलीत सुरू केलं. सरकारी कागदावर मात्र त्या कामगार राहिल्या नाहीत. गृहिणी झाल्या.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाही तर चित्र फार गोड होईल. गिरणगावातही जात सुटली नव्हती. खानावळी बहुतेक जातीप्रमाणे, गावाप्रमाणे वेगळ्या. गिरणीत साच्याखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जायचं तिथं, पगार जास्त होता, पण दलित कामगारांना तिथं बरीच वर्षं शिरू दिलं नाही. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं आणि त्यांचं उष्टं सूत बाकीच्यांना चालत नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९च्या संपांच्या वेळी युनियनवाल्यांना हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा एकीच्या गोष्टी ऐकताना ती एकी कुठवर होती, हेही बघितलं पाहिजे.

आता येऊ १९७२ सालाकडं. त्या वर्षीचा दुष्काळ आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. खडी फोडायला गेलेल्या बायका, लाल मिलोची भाकरी, सुकडी, जनावरांच्या छावण्या. विहिरीच नव्हे, माणसांचे चेहरेही कोरडे पडले होते, असं आमच्या आत्ती सांगतात. त्याच वेळी मुंबईत भाव चढत होते आणि साखर, तेल, रॉकेल मिळेनासं झालं होतं. १९७२ सालीच तिथं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बायका त्यात पुढं होत्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेले ते मोर्चे त्यांनीच काढले. त्यांचे फोटो आहेत, बातम्या आहेत. ते व्हायलाच पाहिजे होतं आणि झालं.

खानावळवालीसाठी मात्र महागाईचा अर्थ वेगळा होता. ती महिन्याचे पैसे ठरवून जेवण घालायची. ज्वारी वाढली, तेल वाढलं, तरी ठरलेली रक्कम लगेच कशी वाढवणार? समोरचा तर गावचाच पोरगा, त्याला अर्धा पगार गावी पाठवायचाय. मग ती स्वतःच्या ताटातलं कमी करायची. हे आपल्याला माहिती आहे, आपणही हेच करतो.

आणि अशात १९७३च्या अखेरीस गिरण्यांचा संप झाला. पगारवाढ आणि महागाई भत्ता या मागण्या होत्या. तो ४२ दिवस चालला. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत दोन लाखांच्या आसपास कामगार होते.

मैत्रिणींनो, संप म्हणजे काय हे जरा घरातल्या भाषेत बघू. मालकाकडं गोदामात माल असतो, बँकेत पैसे असतात. तो थांबू शकतो. कामगाराकडं काय असतं? पगाराच्या दिवसापासून पगाराच्या दिवसापर्यंत पुरेल एवढंच. म्हणून संप मोडायचा असेल तर मालकाला लाठी लागतेच असं नाही. भूक पुरते. दहा दिवसांत किराणावाला हात आखडता घेतो, पंधरा दिवसांत पोरांचं दूध बंद होतं आणि विसाव्या दिवशी माणूस मान खाली घालून दारावर जाऊन उभा राहतो. म्हणजे सभेत कितीही घोषणा दिल्या, तरी संप किती दिवस टिकणार हे शेवटी ठरतं ते चुलीपाशी.

संपात पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. खानावळवालीनं ‘पैसे नाहीत तर उद्यापासून येऊ नका’ म्हटलं असतं, तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. तिचंही पोट होतं. अनेकींच्या घरात तर नवराही संपावरच होता, म्हणजे दोन्हीकडून आवक बंद. पण या बायकांनी पंगत उठवली नाही. ४२ दिवस त्या उधारीवर जेवण घालत राहिल्या. वही असेल तर वहीत लिहिलं, लिहिता येत नसेल तर कोळशानं भिंतीवर रेघा, नाही तर नुसतं ध्यानात. कुणी भात वाढवून कालवण पातळ केलं, कुणी दोन वेळचं दीड वेळ केलं. पण ताट पुढं येत राहिलं.

त्यांना हे पीठ-तांदूळ कोण देत होतं? वाण्याची उधारी आधी संपली. मग सावकार. मग कानातलं, मग मंगळसूत्र, मग पितळी भांडी. सावकाराचं व्याज महिन्याला शेकडा दहा आणि त्याहून जास्तही असायचं. हे आकडे आपण गटात नेहमी मांडतो, तेव्हा तोंडी हिशोब करा. समजा पाचशे रुपये घेतले, दहा टक्के महिना. महिन्याला पन्नास रुपये नुसतं व्याज. वर्षाला सहाशे. म्हणजे वर्षभरात मुद्दलापेक्षा जास्त व्याज गेलं आणि पाचशे होते तिथंच. त्या काळी पाचशे रुपये म्हणजे काय रक्कम होती, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. संप मिटला, गडी कामावर गेले, पगार सुरू झाले. त्यांनी मागची उधारी थोडी थोडी फेडलीही असेल. पण त्या उधारीवर चढलेलं व्याज कुणी दिलं? ते तिच्याच अंगावर राहिलं.

त्या बायकांना ‘तुम्ही लढलात’ असं कुणी म्हटलं असतं, तर त्या हसल्या असत्या. मला त्यांना देवी करून बसवायचं नाही. त्यात त्यांचा व्यवहारही होता. आज पंगत बंद केली तर उद्या हे गडी दुसरीकडं जातील, आणि मागची थकलेली रक्कम बुडेल. गावात परत गेल्यावर लोक काय म्हणतील, हेही असणार. आणि पोरगं उपाशी समोर बसलेलं बघवत नाही, हेही होतंच. हे सगळं एकाच वेळी असतं. मदत करणारी बाई आतून फक्त दयेनं भरलेली असली तरच ती मदत खरी, असं काही लोकांना वाटतं. मला ते पटत नाही. व्यवहार, लाज, माया, राग या सगळ्यांची मोट बांधूनच माणूस एखादी गोष्ट करतो. त्यातून जे घडलं ते बघायचं. घडलं ते असं, की मालकांच्या हातात भुकेचं हत्यार होतं आणि कित्येक गाळ्यांपुरतं ते या बायकांनी बोथट केलं.

युनियनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण त्या कामगार नव्हत्या. दुकानदारांच्या संघटनेत नव्हतं, कारण त्यांच्याकडं दुकान नव्हतं. मी बचतगटांची रजिस्टरं तपासते, म्हणून मला हे जास्त जाणवतं. आपल्या रजिस्टरमध्ये बचत, कर्ज, व्याज, दंड, हजेरी असे रकाने आहेत. पण एखादीचा हप्ता चुकणार म्हटल्यावर बाकीच्या नऊ जणी गुपचूप पन्नास-पन्नास रुपये घालतात आणि तिचा हप्ता वेळेत भरतात, त्याला रकाना नाही. गटाला चांगला दर्जा मिळतो तेव्हा साहेब म्हणतात, ‘परतफेड शंभर टक्के.’ त्या शंभरात किती जणींची भर आहे, ते कागदाला कळत नाही.

मुंबईतल्या या बायकांची गोष्ट तिथंच संपली असती. पण एका बाईनं हे सगळं जवळून पाहिलं होतं. त्या प्रेमाताई पुरव. त्या मूळच्या गोव्याकडच्या. गोवामुक्तीच्या लढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. पुढं मुंबईत त्या कामगारांच्या, विशेषतः कामगार बायकांच्या चळवळीत काम करत होत्या. संपाच्या दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सभा घेतो, पत्रकं वाटतो, पण संप उभा आहे तो या खानावळवाल्यांच्या जिवावर, आणि संपानंतर सगळ्यात जास्त बुडाल्यात त्याच. १९७५ साली त्यांनी खानावळ चालवणाऱ्या १४ बायकांना घेऊन सुरुवात केली. तेच अन्नपूर्णा महिला मंडळ.

प्रेमाताईंनी देणग्या गोळा करून वाटल्या नाहीत, धान्यवाटपही केलं नाही. त्या या बायकांना घेऊन बँकेत गेल्या. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. १९६९ साली इंदिरा गांधींच्या सरकारनं १४ मोठ्या बँका सरकारी केल्या होत्या. गरिबांना, लहान धंद्यांना कर्ज द्या असं वरून सांगितलं होतं. १९७२ साली तर अगदी गरीब माणसाला वर्षाला ४ टक्के व्याजानं कर्ज द्यायची योजनाही आली होती. आता मगाचचा हिशोब परत करा. पाचशे रुपयांवर वर्षाचं व्याज वीस रुपये. सावकाराकडं तेच सहाशे. योजना होती, पण ती बँकेच्या दारापलीकडं आणि ही बाई दाराअलीकडं. तारण काय, तर काही नाही, होतं ते आधीच गहाण. जामीन कोण, तर कुणी नाही. सही, तर अंगठा. धंद्याचा पुरावा, तर ‘घरात स्वैपाक करते’. तिला चार माणसांत कामकरी म्हणूनही ओळख नव्हती, तर बँकेतला माणूस तिला धंदेवाली कशी मानणार?

त्यावर उपाय निघाला तो असा की एकमेकींनीच एकमेकींना जामीन राहायचं. हिचं मी बघते, माझं ती बघेल. बँक ऑफ बडोदानं त्या पहिल्या १४ जणींना कर्ज दिलं. बायकांनी ते फेडलं. मग आणखी बायका आल्या आणि पुढं संख्या हजारांवर गेली. पहिल्या चौदा जणींनी तेव्हा मोठी भाषणं केली असतील असं मला वाटत नाही. काउंटरवर उभं राहून अंगठा उठवला असेल आणि संध्याकाळच्या पंगतीसाठी घाईनं घरी परत गेल्या असतील.

आपल्याला आज हे सवयीचं वाटतं. नाबार्डनं बचतगट बँकेला जोडायचा कार्यक्रम १९९२ साली सुरू केला, आणि आपण सगळ्या त्यानंतरच्या. ‘गटाची हमी’ हा शब्द आपल्याला पहिल्या बैठकीत शिकवतात आणि शिकवणारे असं शिकवतात जणू तो कुणा साहेबानं कार्यालयात बसून शोधून काढला. १९७४ साली अहमदाबादला सेवा संघटनेच्या कामकरी बायकांनी स्वतःची बँक काढली, आणि १९७५ साली गिरणगावात या १४ जणी उभ्या राहिल्या. म्हणजे कार्यक्रम यायच्या सतरा-अठरा वर्षं आधी बायकांनी हे करून दाखवलं होतं. प्रशिक्षणात हे सांगा, असं मी मागं एकदा सुचवलंही. वेळ नसतो म्हणतात.

कर्ज मिळाल्यावर काय बदललं? भाकऱ्या तेवढ्याच थापायच्या होत्या, पहाटे चारलाच उठायचं होतं. पण पीठ-तांदूळ रोखीनं, एकदम आणि थोडा स्वस्त घेता यायला लागला. जे पैसे सावकाराच्या घरी जात होते, ते घरात राहायला लागले. कागदावर तिचं नाव आलं. नवऱ्याचं नाही, तिचं. मंडळ पुढं नुसतं कर्जावर थांबलं नाही. मारहाण, घरातून हाकलणं अशा गोष्टी घेऊन बायका मंडळात यायला लागल्या, कारण बोलायला एक जागा झाली होती. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप आपल्या भागातल्या घराघरात माहिती आहे. तो दीड वर्षाच्या वर खेचला गेला आणि मिटला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. लाखाच्या वर माणसांची नोकरी गेली. या वेळीही खानावळवाल्यांनी ताटं वाढली. पण ४२ दिवसांची उधारी ओढता येते, दीड वर्षाची नाही. गडी एकेक करून ट्रंक उचलून गावाला निघाले. ‘मावशी, काम सुरू झालं की पहिले तुमचे देतो,’ असं म्हणून गेलेल्यांतले किती तरी परत आलेच नाहीत, कारण परत यायला गिरणीच राहिली नव्हती. त्यांची नियत वाईट नव्हती. पण वहीतली ती पानं तशीच राहिली. एका माणसाच्या चांगुलपणाला पेलेल एवढं ओझं असतं, आणि त्यापलीकडचंही असतं. १९८२चं ओझं त्यापलीकडचं होतं.

आता ही माणसं गावाला आली म्हणजे आपल्याकडं आली. इथली बाई वर्षानुवर्षं मनीऑर्डरची वाट बघत होती, आता माणूसच दारात आला. हाताला काम नाही, मनात अपमान. खाणारं एक तोंड वाढलं आणि पैसा थांबला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झालेला होता, त्यामुळे निदान खडी-मातीचं काम मागता येत होतं. बऱ्याच घरांत त्या दोन-तीन वर्षांत बाईच्या हमीच्या पगारावर संपकऱ्याचं पोट चाललं. गिरणगावात जे खानावळवाली करत होती ते इथं बायको करायला लागली, आणि तीही कुठल्याच यादीत नव्हती.

आमच्या खानापूर तालुक्यात तर या परत आलेल्या गिरणी कामगारांनी आणखी एक गोष्ट केली. मुंबईत सभा-मोर्चे बघितलेली माणसं ती, गप्प बसवेना. भारत पाटणकर आणि इतरांबरोबर त्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ सुरू केली. दुष्काळात दर वेळी आम्ही फक्त खडीच का फोडायची, पाणी अडवायचं काम का काढत नाही, असं त्यांनी विचारलं. येरळा नदीवरचं बळीराजा धरण त्यातूनच उभं राहिलं. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला आणि पाण्यात भूमिहीनांनाही वाटा, हे तत्त्व धरलं. त्यावर एक वेगळा कार्यक्रम व्हायला पाहिजे, आज वेळ नाही. एवढंच ध्यानात घ्या, की मुंबईत मोडलेल्या संपाचं एक टोक आपल्या नदीपर्यंत आलं होतं.

गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. लालबाग-परळला गेलात तर एखादी चिमणी, म्हणजे धुराडं, अजून उभं दिसतं. मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनी गिरणगावातल्या माणसांशी बोलून एक मोठं इंग्रजी पुस्तक केलं, ते २००४ साली निघालं. त्यात कामगार आहेत, पुढारी आहेत, शाहीर आहेत, बायकाही आहेत. असं काम आपल्या बाजूनं, म्हणजे गावाकडच्या टोकाकडून, फारसं झालेलं नाही. मुंबईच्या मावशीनं ज्याला जेवू घातलं तो आपला आजोबा होता, चुलता होता. तो काय खात होता, किती थकवून आला, थकलेलं कधी फेडलं का, हे घरातल्या बाईला माहिती असतं. पुरुष माणसं असं सांगत नाहीत, त्यांना कमीपणा वाटतो. बाई सांगते, पण तिला कुणी विचारत नाही.

आमच्या गटात आम्ही विचारायला सुरुवात केली. एका आजींनी सांगितलं, की १९८२ला मालक गावी आले आणि दोन वर्षांनी, पहिल्यांदा भुईमूग बरा झाला तेव्हा, त्यांनी अर्धं पोतं शेंगा एस.टी.नं मुंबईला खानावळवालीकडं पाठवल्या. पैसे नव्हते म्हणून शेंगा. त्या बाईचं नाव आजींना आठवत नाही, ‘लालबागची मावशी’ एवढंच आठवतं. दुसऱ्या एकींनी सांगितलं, की त्यांच्या सासऱ्यांनी मरताना थकलेल्या रकमेचा आकडा सांगितला होता, पण द्यायचे कुणाला, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा. घरात मनीऑर्डरची पावती, गिरणीचा बिल्ला, खानावळीची वही, मुंबईहून आलेलं पत्र असं काही असेल तर घेऊन या. वही फाटकी असली तरी चालेल, कोळशानं लिहिलेली असली तरी चालेल. ज्यांच्या घरातली बाई मुंबईत खानावळ चालवत होती, त्यांनी तर जरूर कळवा. रेडिओच्या ताई रेकॉर्डर घेऊन गावात येतील. ज्या आज्यांना केंद्रापर्यंत येववत नाही, त्यांच्याकडं घरी जाऊ. फक्त सकाळी अकराच्या आधी नको, त्या वेळी सगळ्यांचीच भाकरी तव्यावर असते.